ड्रायव्हर ‘वाय’, आधार ‘एम’: के-कॉन्फिगमधल्या डिपेंडन्सी कशा सोडवायच्या

लिनक्स कर्नलचं बिल्ड अगदी शेवटी, व्हीएमलिनक्स ही पूर्ण कर्नलची फाइल जोडताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (वापरलेलं फंक्शन सापडत नाही) म्हणत कोसळलं की बहुतेक जण तडक ड्रायव्हरची सी फाइल उघडतात. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्यांना मी आधी ती फाइल बंद करायला लावते. फंक्शन जागच्या जागी असतं, हेडरही बरोबर असतो, म्हणून तर कंपाइल बिनतक्रार पार पडलेलं असतं. बिघाड असतो के-कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचा कोणता भाग बांधायचा आणि तो कशावर अवलंबून आहे, हे ठरवणाऱ्या फाइल्समध्ये. तिथे प्रत्येक भागाला एक नाव, म्हणजे सिम्बॉल असतो: वाय म्हणजे थेट कर्नलमध्ये, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल, एन म्हणजे बंद. ड्रायव्हर ज्याच्यावर अवलंबून असतो त्याला मी आधार म्हणते.

आधी तक्रार कोणाची आहे ते बघा. लिंकरची, म्हणजे बांधलेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची, असेल, तर फंक्शन वापरणारा कोड थेट कर्नलमध्ये बसलेला, म्हणजे ‘वाय’ आहे. मॉडपोस्टची, म्हणजे बिल्डमध्ये मॉड्यूल तपासणाऱ्या टप्प्याची, असेल, तर वापरणारं मॉड्यूल आहे आणि ते फंक्शन कुठेच बांधलं गेलेलं नाही किंवा ते मॉड्यूलना वापरू देणारं एक्स्पोर्ट_सिम्बॉल त्याला लावायचं राहिलंय. मग ग्रेप मारून फंक्शन कोणत्या सी फाइलमध्ये आहे ते शोधा, त्याच फोल्डरच्या मेकफाइलमध्ये ती फाइल कोणत्या कॉन्फिग सिम्बॉलला बांधली आहे ते बघा, आणि मेन्यूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिग निवडायच्या मेन्यूत) ‘/’ दाबून तो सिम्बॉल शोधा. सिम्बॉलची आत्ताची किंमत, तो कशावर अवलंबून आहे आणि त्याला कोणी ‘सिलेक्ट’ केलंय, हे सगळं त्या एका पडद्यावर मिळतं. तो पडदा नीट वाचल्याशिवाय काहीही बदलू नका.

आता हिशेब. ट्रायस्टेट सिम्बॉलच्या तीन किंमती: एन म्हणजे 0, एम म्हणजे 1, वाय म्हणजे 2. ‘&&’ लहान किंमत घेतं, ‘||’ मोठी. ‘!’ म्हणजे 2 वजा ती किंमत, म्हणून !एम पुन्हा एमच येतो. ‘डिपेंड्स ऑन’ने ड्रायव्हरची कमाल मर्यादा ठरते: आधार एम असेल तर ड्रायव्हर वाय होऊच शकत नाही. ‘सिलेक्ट’ उलट्या बाजूने जोर लावतं. समोरच्या सिम्बॉलला खालून वर ढकलतं, आणि त्या सिम्बॉलच्या स्वतःच्या डिपेंडन्सी पुऱ्या झाल्यात का, हे बघत नाही.

आयटूसी या चिप जोडणाऱ्या बसवरच्या तापमान सेन्सरचा ड्रायव्हर घ्या, जो रजिस्टर वाचायला रेगमॅप ही कर्नलमधली लायब्ररी वापरतो. त्याला दोन ओळी लागतात:

डिपेंड्स ऑन आयटूसी
सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी

दुसरी ओळ नसेल तर डेव्हएम_रेगमॅप_इनिट_आयटूसी सापडत नाही. पण दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने रेगमॅप_आयटूसी आधीच ओढून आणलं असेल तर तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत बांधलं जातं, आणि बिल्ड कोसळतं ते भलत्याच माणसाकडे. पहिली ओळ नसेल तर प्रकार आणखी फसवा. आयटूसी एम, तुमचा ड्रायव्हर वाय. सिलेक्टच्या जोरावर रेगमॅप_आयटूसीही वाय होतं, आणि लिंकर आयटूसी_ट्रान्सफर सापडत नाही म्हणून रडतो. एररमध्ये नाव रेगमॅपच्या फाइलचं, तुमच्या ड्रायव्हरचा पत्ताच नाही. खरी खूण कॉन्फिग करतानाच येऊन गेलेली असते: ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ अशी वॉर्निंग, आणि तिच्याखाली ‘सिलेक्टेड बाय’मध्ये तुमच्या ड्रायव्हरचं नाव. ही वॉर्निंग मी एरर म्हणूनच धरते, तुम्हीही धरा.

माझा नियम कडक आहे. ज्या सिम्बॉलला मेन्यूत प्रॉम्प्ट (वापरणाऱ्याला निवडता येणारी ओळ) नाही, जो निव्वळ लायब्ररीसारखा आहे, त्यालाच सिलेक्ट करायचं, आणि त्याच्या डिपेंडन्सी आपल्या ड्रायव्हरवर लिहायच्या. ज्याला प्रॉम्प्ट आहे त्याला डिपेंड्स ऑन. एकाच सिम्बॉलला काही ड्रायव्हर सिलेक्ट करतात आणि काही त्याच्यावर डिपेंड करतात, अशा मिसळीतूनच ‘रिकर्सिव्ह डिपेंडन्सी डिटेक्टेड’ (साखळी फिरून स्वतःवरच येते) उभं राहतं. तेव्हा साखळी कुठेतरी तोडून मोकळं होऊ नका. त्या सिम्बॉलला बाकीचे ड्रायव्हर कसे वापरतात ते बघा आणि तीच पद्धत घ्या.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ऐच्छिक आधारावर. नेटवर्क ड्रायव्हर आणि पीटीपी घड्याळाचंच (नेटवर्कवरून अचूक वेळ जुळवणारं) बघा. पीटीपी नसलं तरी कार्ड चालतं, असलं तर ड्रायव्हर ते वापरतो. हेडरमध्ये पीटीपी बंद असतानासाठी रिकामी इनलाइन फंक्शनं असतात, त्यामुळे एन असताना काही अडत नाही. अडतं ते पीटीपी एम आणि ड्रायव्हर वाय असताना: हेडर खरं फंक्शन दाखवतो, पण ते मॉड्यूलमध्ये, लिंकरच्या हाताबाहेर. अशा ठिकाणी ही ओळ लिहायची:

डिपेंड्स ऑन पीटीपी || !पीटीपी

वाचताना निरर्थक वाटते, म्हणून हिशेब मांडा. पीटीपी वाय असेल तर उत्तर वाय. एन असेल तरी वाय. एम असेल तर एम किंवा !एम, म्हणजे एमच. नेमका नको असलेला एकच जोड गळतो. पूर्वी नेटवर्क ड्रायव्हर इथे ‘इम्प्लाय’ लिहीत, पण इम्प्लाय ही नुसती शिफारस आहे, ती चुकीचा जोड अडवत नाही. 2021 मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी पीटीपी_1588_क्लॉक_ऑप्शनल हा वेगळा सिम्बॉल आणला. पीटीपी एन असेल तर तो वाय, नाहीतर पीटीपीची किंमत तीच त्याची. ड्रायव्हर आता त्याच्यावर डिपेंड करतात.

इझ_रीचेबलने, म्हणजे फंक्शन हाताशी असेल तरच ते वापरणाऱ्या कोडमधल्या तपासणीने, एरर लगेच गप्प होते, पण त्या वाटेने जाऊ नका. वापरणारा दोन्ही ऑप्शन चालू करतो, बिल्ड होतं, आणि घड्याळ मात्र नोंदलंच जात नाही. कारण सांगणारी एक ओळही लॉगमध्ये नसते. बिल्ड कोसळलेलं परवडलं.

तपासणीत ऑलयेसकॉन्फिग आणि ऑलमॉडकॉन्फिगवर विसंबू नका. पहिल्यात शक्य तितके वाय, दुसऱ्यात ट्रायस्टेट शक्य तितके एम, त्यामुळे वाय-एमची गाठ दोन्हीकडे सहसा पडत नाही. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग वापरून आधार आळीपाळीने एन, एम, वाय करा, ड्रायव्हर दर वेळी वाय मागा, ओल्डडेफकॉन्फिग (उरलेल्या किंमती नियमांप्रमाणे आपोआप भरणारी कमांड) चालवा आणि मग डॉटकॉन्फिगमध्ये काय उरलं ते वाचा. आधार एम असताना ड्रायव्हर आपोआप एमवर उतरला, तर तुमची ओळ बरोबर बसली. नंतर रँडकॉन्फिग (कसंही निवडून कॉन्फिग बनवणारी कमांड) रात्रभर लावून ठेवा. दर फेरीला छापला जाणारा के-कॉन्फिग सीड जपून ठेवा. त्याच सोर्सवर तोच सीड दिला की तीच कॉन्फिग पुन्हा मिळते, आणि पॅचच्या वर्णनात लिहायला ‘या जोडीवर तुटत होतं’ असं नेमकं उदाहरण हाताशी असतं.