समुद्रशेवाळाचं खत: मीठ जातं कुठे, ते आधी बघा

पावसाळा सरला की कोकणच्या कातळावर शेवाळ जोमाने वाढतं आणि हिवाळ्यात उधाणाची भरती ओसरली की मालवण, देवगड, रत्नागिरीकडच्या पुळणीवर त्याची तपकिरी ओळ राहते. यात सरगॅसम बरंच असतं. फांदीला मिरीएवढे हवेचे फुगे दिसले की ओळखायचं. हिरव्या कागदासारखं पातळ असेल ते उल्वा. दोन्ही खताला चालतात. फुकट मिळतं, तणाचं बी नसतं, पोटॅश भरपूर असतं आणि लाकडी धागा जवळजवळ नसल्यामुळे ते लवकर कुजतं. तपकिरी शेवाळात अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, तो मातीचे कण धरून ठेवतो. वाळूसारख्या भरड जमिनीत त्याने पाणी टिकतं.

गुण एवढे असूनही तक्रारी ठरलेल्या. पानांची टोकं करपली, कुंडीवर पांढरी बुरशी आली, ढिगाला घाण वास सुटला, नाहीतर ‘इतकं खत घातलं तरी मिरची खुरटीच’. यातल्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ मिठात असतं. किनाऱ्यावरच्या माडाला जे चालतं ते पुण्याच्या गच्चीवर का चालत नाही, तर कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ते मीठ धुऊन नेतो आणि गच्चीवरच्या कुंडीत ते जिथल्या तिथे राहतं.

कुजलं की मीठ जातं, हा गैरसमज

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. मीठ कुजत नाही. ओल्या शेवाळात शेकडा ८० ते ९० भाग पाणी असतं. ते उडून गेलं, बाकीचं कुजलं की ढीग बसतो, पण मीठ होतं तेवढंच राहतं. म्हणजे खत तयार होताना मिठाचं प्रमाण उलट वाढतं. ‘वर्षभर कुजवलंय, आता काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. उघड्यावर पावसात कुजवलं असेल तर गोष्ट वेगळी. प्लास्टिकच्या झाकणबंद पिंपात कुजवलं असेल तर सगळं मीठ तुमच्याकडेच आहे.

म्हणून धुवायचं ते कुजवण्याआधी. पण इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. काही जण शेवाळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, दोन-तीनदा पाणी बदलतात. ज्या पोटॅशसाठी एवढा खटाटोप, तेही पाण्यात विरघळतं आणि मिठाबरोबर गटारात जातं. उतारावर पसरा, पाइपने एकदा चांगलं झोडपा, उलटं करून पुन्हा एकदा, आणि निथळू द्या. बस्स. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा वाफ्याकडे वाहणार नाही अशी जागा धरा. आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असेल तर त्या पाण्याने मीठ धुण्यात काही अर्थ नाही.

कुंडी आणि काळी माती

कुंडीत चूक लवकर उघडी पडते. आधी मातीच्या कडेला आणि कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरा पापुद्रा धरतो. ती बुरशी नसते, मीठ असतं; बोटाने चोळलं की कुरकुरतं. मग जुन्या पानांची टोकं तपकिरी होतात आणि करपणं कडेकडेने आत सरकतं. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून थोडं थोडं पाणी वरचेवर घालतात. त्याने मीठ तळाशी उतरत नाही, वरच फिरत राहतं.

उपाय असा: वरचा पापुद्रा बोटभर मातीसकट खरवडून काढा, खालची ताटली काढून घ्या, आणि कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी थांबून थांबून ओता. तळातून ते मोकळं वाहिलं पाहिजे; वाहत नसेल तर आधी भोक बघा. पुढचे काही आठवडे कसलंही खत नको. नव्याने कुंडी भरताना शेवाळाचं खत एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका.

गच्चीवाल्यांसाठी आणखी एक. कुंडीत हलकेपणासाठी आपण कोकोपीट घालतो. नारळाची सोडणं बऱ्याचदा खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्येही मीठ असतं. खारं कोकोपीट आणि वर शेवाळ असं एकत्र आलं की रोप टिकत नाही, आणि दोष मात्र नर्सरीवाल्याला.

सगळी झाडं सारखी नाजूक नसतात. श्रावणघेवडा, गाजर, कांदा, स्ट्रॉबेरी यांना मीठ अजिबात सोसत नाही. आंब्याच्या कोवळ्या कलमालाही नाही. बीट बरंच सोसतं. माडाची तर तऱ्हाच निराळी, त्याला क्लोरीन लागतंच. लागवडीच्या खड्ड्यात मीठ टाकायची जुनी पद्धत उगाच पडलेली नाही. तुम्हाला पहिल्यांदाच शेवाळ वापरून बघायचं असेल तर माडाच्या आळ्यापासून सुरुवात करा, घेवड्याच्या वाफ्यापासून नको.

देशावरच्या काळ्या मातीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पोटॅश बहुधा पुरेसा असतो, सामू (पीएच) आधीच चढा असतो आणि निचरा मंद. मिठातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, मग पाणी मुरत नाही, सुकल्यावर माती दगडासारखी होते. सांगली-कोल्हापूरकडे ज्यांनी खारवट-चोपण जमिनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा जमिनीत माझं मत सरळ आहे: शेवाळाच्या नादी लागू नका. शेणखत, गांडूळखत, ताग गाडणं हे स्वस्तही पडतं आणि त्रासही देत नाही. हौसच असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घ्या.

ढिगाला वास सुटला तर

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे ढिगाला हवा मिळत नाहीये. नुसतं शेवाळ रचलं की ते स्वतःच्या वजनाने चिकटून बसतं, मध्ये हवा खेळत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू गमतीचा नाही. २००९ साली फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर साचून सडलेल्या हिरव्या शेवाळात एक घोडा रुतून मेला आणि त्याच्यावरचा स्वार बेशुद्ध पडला, तो याच वायूमुळे. घरच्या ढिगात इतकं होत नाही, पण बंद पिंपाचं झाकण उघडून त्यात तोंड घालू नये एवढं पाळावं.

ढीग मोडा, काट्याने सैल करा आणि एक घमेलं शेवाळाला दोन-तीन घमेली सुका पालापाचोळा या हिशेबाने थर पुन्हा लावा. पेंढा, सुकं गवत, बारीक केलेल्या झावळ्या, सगळं चालतं. काजूचा आणि आंब्याचा पाला जाड, तो तसाच टाकला तर शेवाळ संपतं आणि पाला तसाच राहतो, आधी चुरा. मधे एखादं घमेलं शेण टाकलं की कामाला वेग येतो. आठ-दहा दिवसांनी एकदा वरखाली करायचं. ओल किती हवी, तर मूठभर घेऊन आवळल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सुकं आणखी वाढवा.

ढिगावर पहिल्या आठवड्यात बारीक माश्या आणि टणाटण उड्या मारणारे किडे दिसतात. ते पुळणीवरूनच आलेले असतात, झाडाला काही करत नाहीत. औषध मारू नका.

पावसाळ्यात ढीग उघडा ठेवायचा असेल तर आधीचे दोन-तीन जोरदार पाऊस त्यावर पडू द्या, मग झावळ्यांनी शाकारा. चार महिने धो धो पावसात राहिलेल्या ढिगात मीठ नसतं हे खरं, पण मग फारसं काहीच नसतं.

एवढ्यावर झाड पोसत नाही

शेवाळात पोटॅश चांगला, नत्र बेताचा, आणि स्फुरद फारच कमी. कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर; ते असलेलं स्फुरदही जखडून ठेवतात. तेव्हा नुसत्या शेवाळावर वाढवलेली मिरची-वांगी पानं गडद, कधी जांभळट छटेची, मुळं तोकडी आणि फुलं उशिरा, अशी दिसली तर नवल नाही. हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट ढिगातच मिसळून कुजवा, आणि शेणखत बंद करू नका. दुसरीकडे पोटॅशचा मारा फार झाला की झाडाला मॅग्नेशियम घेता येत नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो. त्यावर आणखी शेवाळ घालणं म्हणजे आजार वाढवणं.

दुकानात मिळणारा समुद्रशेवाळाचा अर्क आणि घरचं खत एकच समजण्याचीही चूक होते. इफ्कोचं ‘सागरिका’ आणि तसली इतर द्रव उत्पादनं पानांवर, लिटरला काही मिलिलिटर अशा मापाने फवारायची असतात. ती वाढीला चालना देणारी, पोट भरणारी नव्हेत. २०२१ साली केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात अशा उत्पादनांसाठी ‘जैव उत्तेजक’ असा वेगळा वर्ग केला तो म्हणूनच. बादलीत शेवाळ सडवून काढलेलं काळं पाणी म्हणजे तो अर्क नाही. ते पानांवर फवारू नका. मुळाशी द्यायचं तर दहापट पाणी घालून, फिकट चहाच्या रंगावर आणून द्या.

कुठून आणायचं

कातळाला चिकटलेलं शेवाळ उपटून आणू नये. माशांची पिल्लं, खेकडे त्यातच वाढतात. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे तर असं काही करायचा विचारही नको. भरतीने आणून टाकलेलं सुटं शेवाळ घ्या आणि तेही सगळं गोळा करू नका. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. तिथल्या कोरड्या वाळूत दाताळं, फावडं चालवायचं नाही.

आणलेलं शेवाळ सुपात घेतल्यासारखं निवडा. तंगुसाचे तुकडे, जाळ्यांचे दोरे, थर्माकोलचे दाणे आणि पावसाच्या सुमारास किनाऱ्याला लागणारे चिकट डांबरगोळे, हे एकदा ढिगात गेले की बाहेर निघत नाहीत. सांडपाण्याच्या नाल्याजवळचं, बंदराजवळचं किंवा मुंबईच्या चौपाट्यांवरचं शेवाळ बागेत आणूच नका. सरगॅसम आर्सेनिक आणि जड धातू शोषून ठेवतं. याच कुळातलं हिजिकी हे जपानी खाणं आर्सेनिकमुळे खाऊ नका, असं ब्रिटनच्या अन्न विभागाने सांगितलेलं आहे. घाबरून जायचं कारण नाही, पण पालेभाज्यांच्या एकाच वाफ्यात वर्षानुवर्षं हेच खत टाकत राहू नये. माड, पोफळी, केळी, जास्वंद, मोगरा यांच्याकडे वळवावं.

वापरण्याआधी

तयार खताला मातीचा वास येतो, शेवाळाचा आकार ओळखू येत नाही, ढीग गरम लागत नाही. मीठ मोजायचं तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर चालतो. एक भाग खत, पाच भाग पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी, अर्धा तास ढवळून गाळा आणि मीटर बुडवा. शहरी कंपोस्टसाठी क्षारांची सरकारी मर्यादा ४ डेसीसीमेन्स प्रति मीटर (हे विद्युतवाहकतेचं माप) आहे, म्हणजे टीडीएस मीटरवर साधारण २००० पीपीएम. कुंडीसाठी याच्या निम्मा आकडा आला तर निर्धास्त व्हा.

मीटर नसेल तर डब्यातले अळीव काढा. जगभर कंपोस्ट तपासायला जे बी वापरतात त्यात अळीव आहेच, कारण ते दोन-तीन दिवसांत उगवतं आणि मिठाला लगेच दाद देतं. दोन बशांत ओला कागद ठेवायचा, एकावर साधं पाणी, दुसऱ्यावर वरचं गाळलेलं खताचं पाणी. दोन्हीकडे वीस-वीस दाणे मोजून टाका आणि सावलीत झाकून ठेवा. साध्या पाण्यात अठरा उगवले आणि खताच्या पाण्यात आठ, किंवा कोंब आले पण मुळं तोकडी आणि तपकिरी राहिली, तर ते खत भाजीला नाही. माडाच्या बुंध्यापासून हात-दीड हातावर आळ्यात पसरा, वर पाला ओढा आणि भरपूर पाणी द्या.