वारल्यांचा उठाव पाचवीला शिकवताना

पुस्तक आधी उघडू नका. मी पालघर जिल्ह्यातल्या तलासरीत शिकवते. पहिल्या दिवशी एवढाच गृहपाठ देते: आजीला विचारून या, ‘वेठ’ म्हणजे काय? आणि ‘लग्नगडी’? लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही जमीनदाराकडे राबायला बांधली जायची, हे पोरं घरूनच ऐकून येतात. मग सांगते: १९४५ साली इथल्याच झरी गावात वारली जमले, वेठ, म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणं, नाकारली. किसान सभेच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर सोबत होत्या. मजुरी मागितली दिवसाला १२ आणे. १६ आण्यांचा रुपया; हिशेब पोरांनाच करू द्या. ‘बिचारे आदिवासी’ हे शब्द वर्गात नकोतच, त्यांनी संप केला होता! आणि घरचं सांगताना एखादं मूल गप्प झालं, तर खोदून विचारू नका.