घरी बांधलेल्या हलक्या विमानाची बॅटरी बदलताना

लातूर, धाराशिव किंवा नांदेडच्या बाजूला ट्रॅक्टरची बॅटरी कधीच बदलली नाही असा शेतकरी सापडणे कठीण. त्यामुळे स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानाची बॅटरी बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे, असा समज इकडे सहज होतो. पाना तोच असतो आणि व्होल्टही बाराच असतात. मात्र विमानात बॅटरी ही तोलाच्या हिशेबाचाही भाग असते आणि हादऱ्यांत जागेवरून न हलणे हेही तिचे काम असते, म्हणून या कामाला अर्धा दिवस राखून ठेवावा.

प्रथम बॅटरी खरोखरच संपली आहे का, हे पाहावे. ती पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी मल्टीमीटर लावावा. चांगली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. त्यानंतर सहकाऱ्याने स्टार्टर फिरवताना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. प्रॉपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही नसावे आणि चाकांना ओंडके लावलेले असावेत. व्होल्टेज ११ च्या वर टिकून असूनही स्टार्टर रेंगाळत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगच्या वायरीत, मास्टर रिलेत (बॅटरी विमानाच्या वायरिंगला जोडणाऱ्या मुख्य विद्युत स्विचात) किंवा खुद्द स्टार्टरमध्ये असतो, आणि नव्या बॅटरीवर केलेला खर्च वाया जातो. व्होल्टेज ९ च्या खाली कोसळत असेल, तर मात्र बॅटरीने मान टाकली असे समजावे.

मराठवाड्यात तिचे आयुष्य मुख्यतः ऊन खाते. मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक, आणि उड्डाणानंतर इंजिन बंद केले की काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरील आवरणाच्या आत कोंडलेली उष्णता बराच वेळ निघत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जुना ठोकताळा आहे. डिसेंबरच्या गार सकाळी दगा देणारी बॅटरी बहुधा आदल्या उन्हाळ्यातच खचलेली असते. दुकानातल्या मालालाही हेच लागू पडते. उन्हात पडून राहिलेली सीलबंद बॅटरी न वापरताच उतरते, म्हणून घेताना उत्पादनाचा महिना वाचावा, दुकानातच व्होल्टेज मोजून घ्यावे आणि बसवण्यापूर्वी ती योग्य चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

कोणती बॅटरी घ्यावी, या प्रश्नाचे सर्वांत सुरक्षित उत्तर म्हणजे आधी होती तशीच. सीलबंद एजीएम प्रकारातील (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून धरणारी लेड-ॲसिड), सुमारे १६ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी ७ किलोच्या आसपास भरते, तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारातील तिच्या जोडीची बॅटरी २ किलोच्याही आत असू शकते, आणि पाच किलो वाचवण्याचा मोह कोणालाही होतो. तो आवरण्यापूर्वी किंवा पुरा करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, रिकाम्या विमानाचे वजन ३०० किलो असून गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमान तोलले जाते तो) मोजमापासाठी ठरवलेल्या संदर्भरेषेपासून १.८० मीटर मागे आहे, म्हणजे एकूण आघूर्ण (वजन गुणिले अंतर) ५४० किलो-मीटर झाले. बॅटरी शेपटीकडे, ३.२० मीटरवर आहे. ७ किलोच्या जागी २ किलो आले की आघूर्ण १६ ने घटून ५२४ होते, वजन २९५ किलो राहते आणि गुरुत्वमध्य १.७७६ मीटरवर, म्हणजे जवळजवळ अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. मुळातच नाकाकडे जड असलेल्या विमानाला हा फरक उतरताना जाणवतो. शिवाय लिथियम बॅटरीला चार्जिंगचे व्होल्टेज आणि उष्णता यांच्या ठरावीक मर्यादा असतात. चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा, तिच्या उत्पादकाने मान्य केलेला रेग्युलेटर नसेल, किंवा जागा इंजिनाच्या बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि आसनांची जागा यांमधील आगरोधक भिंतीवर) असेल, तर इथल्या उन्हाळ्यात मी तरी तो बदल करणार नाही. लेड-ॲसिडचा सल्फेट काढणारा चार्जर तर तिला कधीही लावू नये.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी मास्टर स्विच आणि इग्निशन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. हातातील कडे, अंगठी आणि घड्याळ काढावे, कारण टर्मिनल आणि चौकट यांच्यात अडकलेले कडे क्षणात लाल होते. पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळावी. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी त्याचे कारण शोधावे. वायरींची मांडणी दिसेल असे दोन-तीन फोटो घेऊन मग निगेटिव्ह वायर सोडवावी आणि तिचे टोक गुंडाळून बाजूला बांधावे, नंतर पॉझिटिव्ह सोडवावी. लोखंडी नळ्यांची चौकट निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवायला घेतली आणि पाना चौकटीला टेकला, तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी सुटलेली असेल, तर पाना चौकटीला टेकला तरी काही होत नाही. लाकडी किंवा फायबरच्या विमानात चौकट वीज वाहून नेत नाही, तरी क्रम हाच ठेवावा.

जुनी बॅटरी निघाली की पेटी नीट पाहायला मिळते, आणि हा भाग घाईत करू नये. पांढरी पूड किंवा ओल दिसली तर तेथे आम्ल झिरपले आहे. हातमोजे आणि चष्मा घालून खायच्या सोड्याचे पाणी लावावे, फेस थांबेपर्यंत धुवावे, कोरडे करावे आणि ॲल्युमिनियम खड्डेदार झाले असल्यास तो तुकडा बदलावा. काळ्या मातीची धूळ कोपऱ्यांत बसून ओल धरते, तीही काढावी. पट्टा, बोल्ट आणि पेटीच्या कोपऱ्यांतील तडे भिंग घेऊन पाहावेत.

नवी बॅटरी जागेवर ठेवण्यापूर्वी तिचे पॉझिटिव्ह टोक कोणत्या हाताला आहे, हे जुनीशी ताडून घ्यावे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बॅटऱ्यांत डावे-उजवे उलटलेले असते आणि उलटी जोडणी रेग्युलेटरपासून रेडिओपर्यंत सर्व जाळू शकते. पट्टा आवळल्यावर बॅटरी दोन्ही हातांनी जोरात हलवावी. ती आणि विमान एकत्र हलले पाहिजे. आता पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. वायरीचे लग (टोकाची धातूची कडी) थेट टर्मिनलच्या शिशावर किंवा पितळेवर बसावे, त्यावर सपाट वायसर आणि त्यावर स्प्रिंग वायसर यावे. लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये वायसर घालण्याची चूक फार आढळते; सगळा करंट त्या पोलादी चकतीतून जातो आणि जोड तापतो. बोल्ट जुन्याहून लांब असेल तर तो तळाला टेकून घट्ट झाल्याचा भास देतो, पण लग सैलच राहते. उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच आवळावे, पॉझिटिव्हवर रबरी टोपी चढवावी आणि बोल्टवर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे तो फिरला तर पुढच्या तपासणीत कळेल.

इंजिन सुरू झाल्यावर मध्यम फेऱ्यांना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. याच वेळी आपले इंजिन बॅटरीवर किती अवलंबून आहे, याचाही विचार करावा. कार्ब्युरेटर असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचे इग्निशन स्वतःच्या कॉइलवर चालते आणि बॅटरी गेली तरी इंजिन फिरत राहते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनाचे तसे नाही, तेथे विजेची पर्यायी सोय तपासल्याशिवाय उड्डाण करू नये.

विमानाच्या नोंदवहीत तारीख, तास, बॅटरीचा प्रकार, वजन आणि मोजलेले व्होल्टेज लिहावे, वजन बदलले असल्यास तोलाचा तक्ता नव्याने करावा आणि उड्डाण-परवान्याच्या अटींप्रमाणे ज्याची सही लागते, त्याची घ्यावी. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याऐवजी विक्रेत्याकडे परत करावी; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दहाएक तास उड्डाण झाल्यावर पेटी उघडून रंगाच्या रेघा आणि पट्टा पुन्हा पाहावा.