मागच्या बंपरात जादा रिव्हर्स लाइट बसवताय? या चुका टाळा

तोरणा उतरून वेल्ह्यात गाडीपाशी पोचेपर्यंत अंधार झाला होता. गाडी एका अरुंद वाटेत लावलेली, वळवायला जागा नाही, त्यामुळे रस्त्यापर्यंत मागेच यायचं होतं. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला चर. मला काळजी नव्हती, कारण आठवड्यापूर्वीच बंपरात दोन दणदणीत एलईडी बसवले होते आणि मावसभावाला ते दाखवायचेही होते. रिव्हर्स टाकला, मागचा बांध दिवसासारखा उजळला. निम्म्या वाटेत टप्प काळोख. नवे दिवे गेले, त्यांच्याबरोबर कंपनीचे मूळ रिव्हर्स लाइट गेले, कॅमेऱ्याची स्क्रीनही गेली. उरलेली वाट भाऊ मोबाइलची बॅटरी धरून "ये, ये, अजून ये, अरे थांब!" करत मागे चालला.

दिव्यांना काहीही झालं नव्हतं. गेला होता तो साडेसात अँपिअरचा फ्यूज, आणि तो माझ्या हाताने गेला होता.

मूळ वायरीवरच दिवे लटकवणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. टेल लॅम्पमागे रिव्हर्सची वायर सापडते, ती सोलायची, नवी वायर पिळायची, वर काळी टेप. अर्ध्या तासात दिवे लागतात आणि आपल्याला वाटतं जमलं.

आता हिशेब बघा. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचा बल्ब २१ वॅटचा असतो. दोन बल्ब म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. माझे नवे दिवे मिळून ७२ वॅटचे, म्हणजे आणखी सहा. साडेसातच्या फ्यूजवर नऊ-साडेनऊ अँपिअर. मग आठवडाभर चाललं कसं? फ्यूजवर भार थोडाच जास्त असेल तर तो लगेच उडत नाही, आधी तापतो आणि मग वितळतो. सोसायटीत गाडी लावताना रिव्हर्स दहा सेकंदांचा. वेल्ह्यात तो दोन-अडीच मिनिटांचा झाला.

उपाय रिलेचा, म्हणजे आतल्या कॉइलला थोडी वीज मिळाली की मोठ्या भाराची वाट जोडणाऱ्या स्विचचा. रिव्हर्सच्या मूळ वायरीने फक्त हुकूम द्यायचा, ओझं उचलायचं ते बॅटरीतून आलेल्या वेगळ्या वायरीने. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात, मूळ सर्किटला त्याची दखलही नसते. रिलेच्या पिनांवर आकडे असतात, त्यांप्रमाणे जोडणी अशी: ८५ ला अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह बाजू), ८६ ला रिव्हर्सची वायर, ३० ला बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्यूजमधून, ८७ वरून दिवे. कॉइलवर डायोड असलेला रिले घ्या. रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते, तो गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जाऊ नये म्हणून तो डायोड असतो. मात्र डायोड असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, कुठला पिन पॉझिटिव्हचा ते रिलेवरच्या आकृतीत बघा.

पाच पिनांच्या रिलेत मधला पिन ८७ए असतो. घाईत त्यावर दिवे जोडले की उलटा कारभार सुरू होतो: गाडी उभी असताना दिवे चालू, रिव्हर्स टाकला की बंद. हसू नका, रात्रभर असे दिवे जळून सकाळी बॅटरी झोपलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

वायर कुठली, हे व्हिडिओत दिसलेल्या रंगावरून ठरवू नका. त्याच मॉडेलच्या दोन सालांच्या गाड्यांत रंग बदललेला असू शकतो. इग्निशन चालू, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये, आणि हातात मल्टिमीटर. रिव्हर्समध्ये बारा व्होल्ट, गिअर काढला की शून्य, आणि ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग लाइट लावून पाहिले तरी शून्यच, तर ती वायर खरी. नव्या गाड्यांत हे दिवे अनेकदा गाडीचा कॉम्प्युटर चालवतो आणि वीज सलग न देता तुकड्यातुकड्यांत सोडतो. तिथे साधा रिले टरटर वाजतो. अशा गाडीत प्रयोग करू नका, त्या मॉडेलचं काम आधी केलेल्या माणसाकडेच जा. इलेक्ट्रिक गाडीतही दिव्यांचं सर्किट बारा व्होल्टचंच असतं, पण नारिंगी केबल दिसली की तिथून हात मागे. ती उच्च दाबाची. पिवळं कनेक्टर किंवा पिवळं आवरण दिसलं तर ते एअरबॅगचं, त्यालाही लांबूनच नमस्कार.

फ्यूज दिव्यापाशी, वायर हातात आली ती

फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, दिव्याच्या नाही. म्हणून त्याची जागा बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो डिकीत बसवला तर बॉनेटपासून डिकीपर्यंतची पाच मीटर वायर फ्यूजच्या रक्षणाविना राहते. वाटेत कुठे पत्र्याला घासली तर फ्यूजला पत्ताच लागत नाही आणि वायर पेटते. सहा अँपिअरच्या भाराला दहाचा फ्यूज पुरतो. तो उडत असेल तर कारण शोधा. वीसचा घालणं हे उत्तर नव्हे, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं तर मुळीच नव्हे.

पाच मीटर लांबीच्या अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीतून सहा अँपिअर गेले तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट खर्च होतो. दीड स्क्वेअरची घेतली तर तोच आकडा ०.३५ वर येतो. हॅलोजनच्या काळात वायर बारीक असली की उजेड पिवळट पडायचा आणि चूक कळायची. एलईडीचं तसं नाही. आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, व्होल्टेज कमी पडलं तर जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवतो. तुम्हाला सगळं छान दिसतं आणि गालिच्याखाली वायर तापत असते.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत वायर मीटरवर मिळते. घेण्याआधी टोक नखाने खरवडा. आतून चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. विजेला विरोध जास्त आणि वाकवली की तुटते. घरात वापरायची जाड तारांची वायरही नको, गाडीला बारीक तारांची लवचिक ऑटो केबलच लागते. वायर सायलेन्सरपासून दूर, दाराच्या पट्टीखालून, पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेटमधून न्या. उघड्या भागावर फ्लेक्झिबल पाइप चढवा. उंदराला तो अडवत नाही, पण निदान वेळ लावतो.

अर्थ म्हणजे कुठलाही बोल्ट नव्हे

बंपर प्लॅस्टिकचा, त्यामुळे त्याच्या क्लिपांना आणि स्क्रूंना अर्थ नसतो. बॉडीच्या बोल्टवरही रंगाचा थर असतो. जागा निवडा, रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) लावून घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज. टेल लॅम्पच्याच अर्थ वायरीवर नवे दिवे टाकू नका. ती वायर तेवढ्या करंटसाठी नसते. आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर अर्थ थेट टर्मिनलवरून न घेता बॉडीवरूनच घ्या, कारण तो सेन्सर बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजत असतो.

पाणी

पुण्यात पाऊस म्हटला की भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी येते, पण दिव्याला बुडवणारं पाणी एवढं मोठं लागत नाही. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट पुरतो. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ती ग्वाही दिव्याच्या डब्याची आहे, तुम्ही मारलेल्या जोडाची नाही, आणि जवळून मारलेल्या जेटचीही नाही.

पीळ मारून लावलेली टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. वायर न कापता दाबून बसवायचे ते प्लॅस्टिकचे चिमटे डिकीच्या आत एक वेळ चालतील, बंपरमागे नाही. त्यांची पाती आवरण चिरते, तिथून पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. ते पाणी आवरणाच्या आतून तारांमधून हातभर सरकत जातं. जोड इथे आणि गंज तिथे, असं म्हणूनच होतं. रबरी सील असलेलं कनेक्टर, नाहीतर दाबून बसवलेला जोड आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. सोल्डर करायचा तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका, कारण सोल्डर संपतो तिथे तारा हादऱ्यांनी तुटतात. आणि एक फुकटची युक्ती: वायर कनेक्टरमध्ये जाण्याआधी तिला खाली झोका द्या. थेंब त्या झोक्याच्या तळाशी येऊन गळतो, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

काचेआड आलेली वाफ दिवा लावल्यावर थोड्या वेळात गेली तर घाबरू नका. थेंब साचून राहिले तर सील गेलं. गरम दिव्यावर लगेच गार पाणी मारलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढते, म्हणून धुण्याआधी दिवे गार होऊ द्या.

बंपरला भोक पाडण्याआधी

बंपर काढून पाठ बघा. प्लॅस्टिकच्या मागे लोखंडी आडवी पट्टी असते, तिला भोक पाडायचं नाही. धक्का ती झेलते. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे तुमच्या बंपरात ते बहुधा असतीलच. दिवा त्यांच्या समोर डोकावला तर रिव्हर्स टाकताच सलग बीप. आधी दिवा टेपने चिकटवून गाडी मागे घेऊन पाहा, मग मास्किंग टेपवर खूण, तीन मिलिमीटरचं छोटं भोक आणि मग सावकाश मोठं. भोक मोठं झालं तर ते लहान करता येत नाही, हे मला दुसऱ्या दिव्याच्या वेळी कळलं.

फार खाली बसवलेला दिवा पहिल्याच स्पीडब्रेकरला खाली घासतो. दिवा पसरट उजेडाचा घ्या, लांब झोताचा नको, आणि तोंड जमिनीकडे झुकवा. सरळ ठेवला तर कॅमेऱ्यात फक्त पांढरं दिसतं आणि मागच्या माणसाला काहीच दिसत नाही. नाना पेठेत दुकानदार वॅटचे आकडे फेकतात. मीटर लावून मोजलं तर ७२ वॅटचा म्हणवणारा एखादा दिवा सव्वा अँपिअर, म्हणजे पंधरा वॅट खातो. माझे दुर्दैवाने खरे निघाले.

कायदा

मागे लाल सोडून दुसरा उजेड दाखवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे. रिव्हर्स लाइट हा त्याला अपवाद, पण तो रिव्हर्स गिअर टाकल्यावर आपोआप लागणारा हवा. मागच्याने अप्पर मारला म्हणून त्याला चमकवायला डॅशबोर्डवर स्वतंत्र स्विच घेणारे असतात. ते सरळ बेकायदा आहे, आणि सिंहगडाच्या घाटात दुचाकीवाल्याच्या जिवावरचं आहे. स्विच घ्यायचाच तर तो ८६ च्या वायरीवर, दिवे फक्त बंद ठेवण्यापुरता.

मात्र दिव्यांची संख्याही मोजली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमात सहा मीटरपर्यंतच्या कारला जास्तीत जास्त दोन रिव्हर्स लाइट आणि उंची जमिनीपासून २५० ते १,२०० मिलिमीटर. मूळचे दोन आणि तुमचे दोन म्हणजे चार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: आधी मूळ दिव्याची काच पुसा आणि बल्ब काळवंडलाय का ते बघा. शहरातच गाडी चालवणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचं काम तिथेच संपेल. पानशेत-वेल्ह्याकडच्या शेतावर रोज रात्री गाडी लावणाऱ्याची गरज वेगळी, पण त्यानेही हे माहीत असून ठरवावं.

बसवलेत, आणि नीट चालत नाहीत?

रिव्हर्स टाकला की ब्रेक लाइट किंवा पार्किंग लाइट मिणमिणतो: अर्थ कच्चा आहे आणि करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतोय. दिवे चालू ठेवून दिव्याचा निगेटिव्ह आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मीटर धरा. अर्धा व्होल्ट दिसला तर पुन्हा पत्रा खरवडायला बसा.

रिलेचा टक् आवाज येतो पण दिवा नाही, तर दोष ३० आणि ८७ च्या बाजूला; आधी फ्यूज बघा. टक् आवाजच नाही, तर ८५ आणि ८६ कडे वळा. गिअर काढल्यावरही एलईडी अंधुक लुकलुकतात, तर बहुतेक वेळा दिवे थेट मूळ वायरीवर असतात आणि झिरपणारा करंटही त्यांना पुरतो. पाऊस पडल्यावर एकच दिवा बंद पडतो, तेव्हा दिवा बदलू नका, त्याच्या जोडावरची टेप उघडा.

कॅमेऱ्यात आडव्या रेषा किंवा एफएमवर खरखर आली तर दोष स्वस्त ड्रायव्हरचा. कॅमेऱ्याची वायर आणि दिव्याची वायर एकाच गाठीत बांधली असेल तर वेगळी करा, दिव्याच्या वायरीवर फेराइटचं कडं चढवा. तरी राहिली तर दिवे परत करा.

एका तक्रारीला मात्र इलाज नाही. ऑटोमॅटिक गाडीत पार्कमधून ड्राइव्हमध्ये जाताना लिव्हर रिव्हर्सवरून जाते आणि दिवे क्षणभर चमकतात. तो बिघाड नाही. माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीतला वॉचमन त्या चमकेला इशारा समजून उठून गेट उघडायला लागला आहे, आणि मेव्हण्याने त्याचा गैरसमज अजून दूर केलेला नाही.