बिड वाढवण्याआधी फोटो हलके करा

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाताने मठारलेली भांडी घेऊन मी ऑनलाइन विकते. हातोडीची खूण न् खूण दिसावी म्हणून भाच्याने कॅमेऱ्यावर काढलेले फोटो होते तसेच साइटवर चढवले, एकेक 6-7 एमबीचा. घरच्या वायफायवर झकास दिसायचे. दिवाळीच्या तोंडावर गूगलवर ‘तांब्याची घागर’ या शब्दांवर जाहिरात लावली. क्लिकमागे साधारण 14 रुपये जायचे, ऑर्डर मात्र नाही. जाहिराती बघणारा म्हणाला, बिड वाढवा, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायची तयारी आहे तो आकडा. वाढवला. बजेट दुपारीच संपायला लागलं, एवढाच फरक.

गोम अशी, की गिऱ्हाइकाचं बोट जाहिरातीवर टेकलं की पैसे कापले जातात. पुढे पान उघडलं की पांढरंच राहिलं, याच्याशी त्या 14 रुपयांना देणंघेणं नसतं.

तेव्हा आधी जाहिरात खात्यातले क्लिक आणि अ‍ॅनालिटिक्समधली (साइटवरची ये-जा मोजणारं साधन) सेशन्स, म्हणजे साइटवरच्या भेटी, शेजारी मांडा. थोडी तफावत असतेच. माझ्याकडे 100 क्लिकला 60च सेशन्स होती. उरलेले बहुतेक उंबऱ्यावरूनच परत गेले असणार.

मग वेग तपासा, पण स्वतःच्या फोनवर नको. त्याला तुमची साइट पाठ झालेली असते. मी आईचा जुना अँड्रॉइड घेतला, वायफाय बंद केलं आणि मंडईत उभी राहून इनकॉग्निटोमध्ये पान उघडलं. आईचा कोथिंबिरीचा भाव ठरला, जुडी पिशवीत गेली, तरी घागर काही दिसेना.

घरी आल्यावर पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात पानाचा पत्ता टाकून मोबाइलचा टॅब पाहा. वरच्या 100पैकी गुणांच्या नादी लागू नका. एलसीपी पाहा, म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ. 2.5 सेकंदांपर्यंत चांगला, 4च्या पुढे वाईट. माझा 11 होता!

निम्म्याहून जास्त दुरुस्ती फोटोंचीच निघाली. ‘स्क्वूश’ हे फुकटचं साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी 1200 पिक्सेल केली, वेबपी हा फोटोचा हलका प्रकार निवडला, क्वालिटी 80च्या आसपास ठेवली. फोटो दीडशे-दोनशे केबीवर आला आणि मठार तशीच दिसते, तांबटकाकांना दाखवून खात्री केली. पानावरच्या पहिल्या फोटोला मात्र लेझी लोडिंग (पान सरकवत जवळ आल्यावरच फोटो उतरवणं) लावू नका, नाहीतर नेमका तोच उशिरा येतो. सरकत्या बॅनरचा स्लायडर मी काढूनच टाकला. कोणी दुसरं चित्र येईपर्यंत थांबतं का?

देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे इंग्रजीपेक्षा जड असतात. फॉन्टची दोन वजनं, साधं आणि ठळक, पुरेत. न वापरलेली चॅटची खिडकी काढा. जाहिरातीत पानाचा शेवटचा, खरा पत्ता द्या, एका पत्त्यावरून दुसऱ्यावर ढकलणारी मधली रीडायरेक्टची वळणं वाचतात.

आता खर्च. जाहिरात खात्यात कीवर्डच्या, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात लावली त्यांच्या, तक्त्यात क्वालिटी स्कोअरचा कॉलम चालू करा. 1 ते 10मधल्या या आकड्याचे तीन घटक आहेत: अपेक्षित क्लिकचं प्रमाण, जाहिरातीचा शोधाशी संबंध आणि लँडिंग पेजचा, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा, अनुभव. कोणती जाहिरात कुठे दिसणार हे गूगल दर शोधाला लिलावाने ठरवतं; हा आकडा थेट त्या लिलावात वापरत नाहीत, तो फक्त निदानासाठी. पण पानाचा दर्जा प्रत्येक लिलावात धरला जातो आणि तो सुधारला की तीच जागा कमी पैशात मिळू शकते. नुसत्या वेगाने भागत नाही; घागर शोधणाऱ्याला घागरीच्याच पानावर न्या, अख्ख्या दुकानात नको.

माझ्या लँडिंग पेजचा ‘सरासरीपेक्षा कमी’ हा शेरा बदलायला काही आठवडे लागले. क्लिक 14चा 11वर आला, 100ला 88 सेशन्स दिसू लागली. बिड मी जुन्या जागी आणून ठेवलाय. भाच्याला सांगितलंय, मूळ फोटो पेनड्राइव्हवर दे, साइटचा पासवर्ड मिळणार नाही.