सोलापुरात नव्यानं आलात? लक्ष्म्यांच्या पेटीची जागा आधी ठरवा

मी २००३ साली लग्न होऊन चिपळूणहून सोलापुरात आले. इथं जिला लक्ष्म्या म्हणतात ती आमच्याकडे गौर, आणि तीही तेरड्याची. विसर्जनाला गेली की मागं सांभाळायला मुखवट्याखेरीज काही उरत नाही. इथं पहिल्याच वर्षी सासूबाईंनी माळ्यावरनं दोन पत्र्याच्या पेट्या उतरवून घेतल्या. मुखवटे, कापडी कोथळे (लक्ष्म्यांचं धड, यात धान्य भरतात), जरीच्या साड्या, मोत्यांच्या माळा, मोरपिसं, मखराचे पुठ्ठे. "हे आता तुझं," म्हणाल्या. त्यातल्या किडामुंग्याही माझ्याच, हे कळायला एक वर्ष गेलं.

लक्ष्म्या उठल्या, म्हणजे विसर्जन झालं, त्या दिवशी मी दमले होते. कोथळ्यांतला गहू काढायचा कंटाळा केला आणि पेटी तशीच लावली. पुढच्या भाद्रपदात झाकण उघडलं तर कोथळ्याच्या प्रत्येक शिवणीतून पीठ झिरपलेलं आणि काळे सोंडे निवांत फिरतायत. गहू भरताना मी स्वतः निवडला होता. पण सोंडा अंडं घालतो ते दाणा पोखरून आत, आणि भोक बुजवून टाकतो. अळी आतच वाढते. वरनं दाणा चांगला दिसतो आणि महिन्या-दीड महिन्यात त्यातून किडा बाहेर पडतो. तेव्हा नियम एकच: उठल्या दिवशी कोथळे रिकामे, उलटे करून झटकलेले, शिवणी ब्रशनं झाडलेल्या. गहू दळून आणा किंवा वाटून टाका, पेटीत नको.

आता जागेचं. इथं बहुतेक घरी वर्षाची शाळू ज्वारी भरतात. कोठी कुठं? माळ्यावर किंवा मागच्या खोलीत. आरास कुठं? तिथंच. उंदराला आणखी काय पाहिजे! ज्वारी खायला आणि पुठ्ठा-कापूस घर करायला. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरं पुठ्ठ्याची, कागदाची, कापडाची झाली. चांगलंच झालं, पण थर्माकोल उंदीर नुसता कुरतडायचा, कागद आणि खळ कसरीला जेवण म्हणून चालते. म्हणून धान्य एका खोलीत, आरास दुसऱ्या. जागाच नसेल तर निदान दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा ठेवा आणि पेटी विटांवर चढवा. पेन आत जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर शिरतो. फटीत तारेची घासणी कोंबा आणि वरनं सिमेंट लिंपा. नुसता कागद कोंबाल तर तो तेवढाच घरटं करायला घेऊन जाईल.

दुसरी गोष्ट मला शेजारच्या अक्कांनी शिकवली. त्या तेलुगू, घरात तीन पिढ्या माग. मी कोऱ्या चादरीत मुखवटे गुंडाळत होते, तर म्हणाल्या, "अगं, धुतलीस का आधी? खळ असते त्यात." मागावर सुताला खळ लावतात, ती पिठूळ असते आणि कसरीला ती फार आवडते. त्या दिवसापासून मी जुनी, चार पाण्यांतून निघालेली सोलापुरी चादरच वापरते. धुऊन मऊ झालेली, मुखवट्यालाही टोचत नाही. साडीला प्रसादाचा, पंचामृताचा डाग असेल तर तो निघाल्याशिवाय पेटी नाही.

कूलरबद्दल कुणी सांगत नाही. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण उन्हाळ्यात कूलर लावला की खोलीत ओल येते, आणि ओल आली की कसर आणि झुरळं दोन्ही येतात. कूलरच्या झोतात माळा येत असेल तर पेटी तिथं ठेवू नका. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे प्रत्येक घरी पिंपं भरलेली. झुरळं रात्री तिथंच पाणी प्यायला जमतात. पेटी पिंपांपासून लांब ठेवा.

पेटी कधी भरायची? इथं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात होतो, म्हणजे बऱ्याचदा ऐन लक्ष्म्यांच्या दिवसांत. घाईनं दमट साड्या कोंबू नका. सामान टोपलीत, वर पातळ कापड टाकून ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की कोथळे, पुठ्ठे गच्चीवर चांगले तापवा. दिवाळीची साफसफाई झाली की आकाशकंदिलाबरोबर कायमचं बांधा. चैत्र-वैशाखात पुन्हा एकदा गच्चीवर. इथलं बेचाळीस अंशांचं ऊन फुकट मिळतं, वर काळं प्लॅस्टिक टाकलं तर आतली कीड मरायला मदत होते. रेशीम मात्र उन्हात नाही, सावलीत वारा द्या. मोरपिसं तर आधी तपासा. रेशीम, लोकर, पिसं यांवर कपड्यांच्या कसरीची, म्हणजे छोट्या पतंगाची, अळी पडते आणि ती कोपऱ्याकोपऱ्यानं खाते. पीस पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं की तीही मरते. आमचे हे हसतात, पण माझी पिसं अकरा वर्षं टिकलीत.

डांबरगोळ्या वापराल तर पुरचुंडीत बांधून वर ठेवा. त्यांची वाफ जड, ती खाली उतरते. घरात तान्हं बाळ असेल तर मात्र नकोच. काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वासानं फुटतात आणि कावीळ होते. पेटीतलं कापड बाळंत्याला तर मुळीच नको. आणि धान्यात टाकायच्या गोळ्या, ज्यांना इथं सगळे 'सल्फास' म्हणतात, त्या घरात आणूच नका. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेलं माणूस त्यानं जातं.

कडुनिंबाचा पाला घालत असाल तर सावलीत खडखडीत वाळवून घाला. ओला घातलात तर बुरशी येईल, आणि मग मला चिपळूणच्या ओलीची आठवण येईल.