ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताय? या चुका टाळा

जुनी ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला: "गिअरबॉक्स कुठला बसेल?" खरं तर गिअरबॉक्स हा या कामातला सोपा भाग. धूड समोर पडलेलं असतं, ते कुणी विसरत नाही. गाडी अडते ती मुठीत मावणाऱ्या वस्तूंपायी.

त्यातली माझी लाडकी म्हणजे पायलट बुश. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत मॅन्युअल गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्याचं) पुढचं टोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या, मागच्या भोकात, एका छोट्या बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे क्लचच्या जागी असलेल्या तेलावर चालणाऱ्या जोडाचं, नाक बसतं, म्हणून बुश लागतच नाही आणि कारखान्यातून तो येतही नाही. काही इंजिनांच्या ऑटोमॅटिक क्रँकमध्ये तर ते भोक पुरेसं खोल कोरलेलंच नसतं.

पहिल्या गाडीच्या वेळी हे सगळं मला पाठ होतं. बुश आणूनही ठेवला होता. पण क्लचप्लेट मध्यभागी आणायचा दांडा हाताशी नव्हता आणि मला घाई होती, म्हणून नजरेनंच प्लेट मध्यभागी धरली आणि प्रेशर प्लेट आवळली. गिअरबॉक्स पहिल्या फटक्यात चढला. मी खूश! गाडी चालू केली, क्लच पूर्ण दाबला, रिव्हर्स टाकला, तर दात खरवडल्याचा आवाज. पहिला गिअर जोर लावून पडायचा आणि क्लच दाबलेला असतानाही गाडी हळूहळू पुढे सरकायची. क्लचमध्ये हवा असणार, असं गृहीत धरून तीनदा हवा काढली. पेडलकडचा मास्टर सिलिंडर बदलला. क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा दांडाही लांब करून पाहिला. शेवटी गिअरबॉक्स खाली उतरवला आणि त्यानंतर गॅस्केटच्या पाकिटाखाली बुश सापडला, तेलकट कागदात गुंडाळलेला, नवा कोरा. शाफ्टच्या टोकाला आधारच नव्हता, त्यामुळे क्लच सुटला तरी शाफ्ट लोंबून प्लेट फ्लायव्हीलला घासत होती. प्लेट मध्यभागी आणायचा तो दांडा वापरला असता तर त्याचं टोक बुशच्या जागी डगडगलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. आता दांडा नसेल तर मी त्या दिवशी काम करत नाही. बुश ठोकल्यावर किंचित आवळतो, म्हणून शाफ्टचं टोक त्यात हातानं फिरतं का, हेही पाहतो.

दुसरी चूक बोल्टनं गिअरबॉक्स ओढण्याची. शेवटचं बोटभर अंतर राहतं, हात भरून येतात आणि कुणीतरी म्हणतं, "बोल्ट आवळू, येईल आपोआप." येत नाही. ॲल्युमिनियमच्या बेलहाउसिंगचा (क्लचवरच्या आवरणाचा) कान तुटतो तेव्हा 'कट' असा बारीक आवाज होतो. मी तो दोनदा ऐकलाय, एकदा स्वतःच्या पान्याखाली. गिअरबॉक्स हातानं इंजिनला चिकटत नसेल तर आत काहीतरी अडलेलं आहे: प्लेट मध्यभागी नाही, नाहीतर स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या खाचा, जुळलेले नाहीत. गिअर टाकून मागचा शाफ्ट थोडा फिरवा, स्प्लाइन सापडतात. गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवून चहाला जाऊ नका, क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो. मी दोन लांब बोल्टची डोकी कापून टाकलीत, मागे करवतीनं खाच पाडलीय. ते इंजिनच्या भोकांत फिरवून घट्ट केले की गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकत येतो. आणि डॉवेल पिना जुन्या म्हणून फेकू नका. गिअरबॉक्स इंजिनच्या रेषेत राहतो तो त्यांच्यामुळे, बोल्टमुळे नाही.

फ्लायव्हीलला फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असते ती) बोल्ट वापरू नयेत. फ्लेक्सप्लेट पातळ असते, तिचे बोल्ट बहुधा आखूड. जाड फ्लायव्हीलमधून ते चार आटेच धरतात. आकारानं बसतंय म्हणून कुठलंही फ्लायव्हील घेऊ नका. फोर्डच्या जुन्या 302 व्ही-आठला 28 औंस-इंच बॅलन्सचं लागतं, तर 1980 च्या दशकातल्या 5.0 ला 50 चं. दोन्ही एकाच क्रँकवर बसतात. चुकीचं बसलं तर इंजिन असं थरथरतं की माणूस इंजिनचे माउंट बदलत बसतो.

क्लचप्लेटवर 'फ्लायव्हीलची बाजू' असं बहुधा छापलेलं असतं. वाचा.

न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या (गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू न देणाऱ्या) दोन वायरी पिळून एकत्र करणारे मला सहन होत नाहीत. हो, स्टार्टर फिरतो. गिअरमध्ये असतानाही फिरतो! क्लच पेडलला स्विच लावा, तासाभराचं काम आहे. रिव्हर्सच्या दिव्याची वायर वेगळी, ती गिअरबॉक्सच्या स्विचला.

ऑटोमॅटिकचा व्हॅक्यूम पाइप निघाला की इंजिनकडचं तोंड बंद करा, नाहीतर आयडलिंग बिघडलं म्हणून कार्बोरेटर उघडाल. प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्स बसल्यावरच मोजा, आधी कापून आणू नका. क्लच मास्टरमागचा पत्रा पातळ असेल तर मागून पट्टी द्या, नाहीतर पेडल दाबलं की पत्रा वाकतो आणि दांड्याची चाल वाया जाते. गिअर ऑइल 'सगळ्यात भारी' म्हणून जीएल-5 या दर्जाचं ओतू नका. पितळी सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या पुष्कळ जुन्या गिअरबॉक्सना जीएल-4 लागतं, तर बोर्ग-वॉर्नरच्या टी-5 वर्ल्ड क्लासला चक्क ऑटोमॅटिकचंच ऑइल.

एवढं करूनही गाडी उठताना मंद वाटली तर क्लचला शिव्या देऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर गाडी उठवताना टॉर्क जवळजवळ दुप्पट करतो, त्या भरवशावर ऑटोमॅटिक गाड्यांना पुष्कळदा लांब पल्ल्याचा, म्हणजे चाकाला कमी जोर पण जास्त वेग देणारा, डिफरन्शियल दिलेला असतो. तो तसाच ठेवला तर प्रत्येक सिग्नलला क्लच जाळत निघावं लागतं.

आणि हँडब्रेक. ऑटोमॅटिकवाल्यांनी तो वर्षानुवर्षं ओढलेला नसतो, 'पी'मध्ये (पार्कमध्ये) टाकून उतरायची सवय. केबल गंजून जागच्या जागी बसलेली असते. 'पी' आता नाही, हे गाडीला कळतं, पायाला कळायला वेळ लागतो. एका गाडीची चाचणी उत्तम झाली, मालक न्यूट्रलमध्ये ठेवून उतरला, बॉनेट उघडायला पुढे आला आणि गाडीही त्याच्याबरोबर पुढे आली. तेव्हापासून मी हँडब्रेकची केबल पहिल्या दिवशी बदलतो, गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी.